जुना कॉम्प्युटर भंगारात घालण्यापूर्वी

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या लहान वर्कशॉपच्या ऑफिसात डोकावून पाहा. टेबलावर नवा, चपट्या पडद्याचा कॉम्प्युटर दिसेल. जीएसटी, बँक आणि पीएफची कामे त्याच्यावर चालतात. पण काही ठिकाणी कोपऱ्यात आणखी एक कॉम्प्युटर असतो. रंगाने पिवळा पडलेला, मागे मोठे खोके असलेल्या पडद्याचा, वर प्लॅस्टिकचे कव्हर घातलेला. त्याच्या शेजारी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. तो कर्रकर्र वाजू लागला की बाहेर उभा असलेला टेम्पोवाला हातातला चहा संपवतो, कारण मालाचे चलन निघत असल्याचे त्याला आवाजावरूनच कळते.

ऑफिसात नव्याने लागलेली मुले या कॉम्प्युटरला हसतात. "काका, हा म्युझियमला देऊन टाका," असे मला आजवर किती जणांनी सांगितले असेल, त्याची गणती नाही. मीही हसून सोडून देतो. मी बी.कॉम. झालेला साधा कारकून. २००३ सालापासून एकाच वर्कशॉपमध्ये नोकरीला आहे. दिवसा हजेरी, पगार, चलन. संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे अर्ज, तक्रारी, फॉर्म. या दोन्ही कामांत जुना कॉम्प्युटर मला उपयोगी पडत आला आहे.

पण आज लिहायला बसलो तो त्याचे गुणगान गाण्यासाठी नाही. या पिवळ्या डब्यांमध्ये आपल्या माणसांच्या नोकरीच्या, पगाराच्या आणि कपातीच्या नोंदी पडून आहेत. डबा भंगारात गेला की नोंदही जाते, आणि नोंद गेली की हक्क सांगायला हातात काही उरत नाही. प्रत्येक कामगार कुटुंबाने हे समजून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

जुने अजून चालते कसे?

आमच्या वर्कशॉपमधला जुना कॉम्प्युटर १९९७ सालचा. मी नोकरीला लागलो त्याच्या आधीपासून तो तिथे आहे. पंचवीस-तीस कामगारांचा पगार त्याच्यावर काढला जाई. पगाराचा प्रोग्राम फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला. फॉक्सप्रो ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. हजेरीच्या रजिस्टरात जसे उभे-आडवे रकाने असतात, तसेच रकाने कॉम्प्युटरात मांडायचे आणि त्यातून हवे ते नाव, तारीख, आकडा काढायचा, बेरीज-वजाबाकी करायची, अशी ती सोय. नव्वदच्या दशकात पगार, स्टॉक, पतपेढीचे हिशेब अशी कितीतरी कामे त्यावर चालत. ते तयार करणारी फॉक्स सॉफ्टवेअर ही मूळ कंपनी १९९२ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००४ साली निघाली आणि २०१५ साली मायक्रोसॉफ्टने तिची जबाबदारीही सोडली. कंपनीने हात काढून घेतला, तरी आमचा प्रोग्राम काही बंद पडला नाही.

कारण साधे आहे. हजेरी गुणिले रोज, अधिक ओव्हरटाइम, वजा पीएफ, वजा ईएसआय, वजा उचल. १९९७ साली हाच हिशेब होता, आजही हाच आहे. हिशेब बदलला नाही, तर हिशेब करणारे यंत्र दर पाच वर्षांनी बदलायची गरज काय? या प्रोग्रामला इंटरनेट लागत नाही, वर्षाला फी भरावी लागत नाही, उंदीरही (म्हणजे माऊस) लागत नाही. बटन दाबले की निळा पडदा येतो आणि बोटांना पाठ झालेल्या कळांवर काम सुरू होते.

हे आपल्यासारख्या गरीब ऑफिसांतच चालते असे समजू नका. अमेरिकेतले प्रसिद्ध कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन आपल्या जाडजूड कादंबऱ्या वर्डस्टार नावाच्या जुन्या प्रोग्राममध्ये लिहितात, आणि तोही विंडोजच्या आधीच्या डॉसवर, इंटरनेट नसलेल्या कॉम्प्युटरवर. हे त्यांनी स्वतःच २०१४ साली टीव्हीवर सांगितले. जपानसारख्या देशात काही सरकारी कामांसाठी फ्लॉपी देण्याचे नियम २०२४ सालापर्यंत शिल्लक होते, आणि तेव्हा ते रद्द केल्याची जगभर बातमी झाली. तेव्हा जुने वापरणे म्हणजे मागासलेपण, असे मानायचे कारण नाही.

आता डॉट मॅट्रिक्सचे पाहा. या प्रिंटरमध्ये बारीक सुया असतात. त्या शाईच्या रिबनवर आपटतात आणि कागदावर ठिपक्यांची अक्षरे उमटतात. सुया आपटत असल्यामुळे वरच्या कागदाखाली कार्बन घातला, की खालच्या प्रतीही त्याच वेळी निघतात. लेझर प्रिंटरला हे जमत नाही. तो एका वेळी एकच कागद छापतो. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. त्याच्या नियमांतही माल पाठवण्याचे डिलिव्हरी चलन तीन प्रतींत काढायला सांगितले आहे. एक माल घेणाऱ्याला, एक वाहतूकदाराला, एक आपल्याकडे. जॉबवर्क करणाऱ्या वर्कशॉपमध्ये दिवसाला अशी कितीतरी चलने निघतात. तीन प्रती एका फटक्यात काढणारा आमचा जुना प्रिंटर त्या कामाला आजही चोख आहे.

तिसरे काम मशीनचे. आमच्याकडे नव्वदच्या दशकातली एक सीएनसी लेथ आहे. तिला कोणता जॉब कसा कापायचा याचा प्रोग्राम बाहेरून द्यावा लागतो, आणि तो जातो नऊ पिनांच्या जुन्या सिरियल पोर्टमधून. हा पोर्ट आता नव्या लॅपटॉपवर दिसत नाही. मधे यूएसबीचा तुकडा लावून काम होते, पण तो कधी चालतो, कधी अडून बसतो. जुन्या कॉम्प्युटरला मागे तो पोर्ट आहे. केबल लावली की प्रोग्राम जातो. न गेला तर ऑपरेटर शिफ्टभर हात बांधून बसतो, आणि पीस रेटवर काम करणाऱ्या माणसाला रिकामी शिफ्ट म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

एप्रिल २०१२ पासून पीएफचे मासिक विवरण इंटरनेटवरून भरणे आले, तेव्हा पगाराचे काम नव्या कॉम्प्युटरवर गेले. जुन्याकडे तीन गोष्टी राहिल्या. चलन छापणे, लेथला प्रोग्राम देणे आणि १९९७ ते २०१२ अशा पंधरा वर्षांच्या पगाराची नोंद. पहिल्या दोन कामांसाठी तो रोज चालू होत राहिला, म्हणून तिसरी गोष्ट वाचली. ती कुणाच्या उपयोगी पडली, ते आता सांगतो.

तेहतीस महिन्यांची गोष्ट

२०२३ सालच्या पावसाळ्यात एक मामा माझ्याकडे आले. नाव सांगत नाही. आमच्याच वर्कशॉपमध्ये ते टर्नर होते. डिसेंबर २००७ मध्ये सोडून गेले आणि पुढे कंत्राटदाराकडून चाकणला कामाला जात राहिले. कंत्राटदाराने त्यांचा पीएफ कधी कापला नाही. आता वयाची ५८ वर्षे पूर्ण झाली होती.

"जयभीम भाऊ," मामा म्हणाले, "पेन्शनचं काही होतंय का बघा. मला म्हणतात तुमची दहा वर्षं भरत नाहीत. आता मी सत्त्याण्णवला लागलो हे मी कसं विसरेन? थोरली तेव्हा पाळण्यात होती."

पेन्शनची ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू आहे. मालक पीएफमध्ये जो आपला वाटा भरतो, त्यातला ८.३३ टक्क्यांचा हिस्सा या पेन्शन फंडात जातो. महिन्याची पेन्शन मिळायची तर किमान दहा वर्षांची सेवा लागते. सहा महिने किंवा त्याहून जास्त असलेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात, त्याहून कमी असेल तर सोडून देतात. मामांच्या नावावर नोंद होती ती एप्रिल २००० ते डिसेंबर २००७ ची. म्हणजे सात वर्षे नऊ महिने. धरून चालले तरी आठच. दहा भरत नव्हती, हे खरेच होते.

मग जुलै १९९७ ते मार्च २००० हे तेहतीस महिने गेले कुठे? वर्कशॉप आधी भागीदारीत होते. पुढे त्याची प्रायव्हेट लिमिटेड झाली आणि पीएफचा कोड बदलला. कामगारांना नवे नंबर मिळाले. जुन्या नंबरावरची सेवा नव्या नंबराला जोडून घ्यायची असते, त्यासाठी फॉर्म १३ भरावा लागतो. तो त्या वेळी कुणी भरून दिला नाही आणि कामगारांना कुणी सांगितलेही नाही. आजचा यूएएन क्रमांक आला २०१४ साली, तोवर मामा नोकरी सोडून सात वर्षे झाली होती. जुनी पीएफची स्लिप घरातून केव्हाच गहाळ झाली होती. भाड्याच्या किती खोल्या बदलल्या, त्यात एक चिठोरा कुठे टिकणार?

कागदी रजिस्टरे माळ्यावर होती. पत्रा गळून त्यांची पाने एकमेकांना चिकटली होती. हात लावला की पापुद्रे निघत. तेव्हा मी कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवरचे कव्हर बाजूला केले. फॉक्सप्रोच्या कामगार-यादीत मामांचे आडनाव टाकले. दोन नोंदी आल्या. एक नव्या नंबराची, एक जुन्या. जुन्या नोंदीत त्यांचे नाव, वडिलांचे नाव, रुजू झाल्याची तारीख आणि आधीच्या कोडचा पीएफ नंबर, सगळे जागच्या जागी. त्याखाली महिन्यामागून महिना पगार आणि कपात.

तेहतीस महिन्यांची पाने त्याच डॉट मॅट्रिक्सवर काढली. आमच्या शेठनी, त्यांचे आभारच मानायला हवेत, प्रत्येक पानावर सही-शिक्का दिला. जुना नंबर हाती आल्यावर पुढचे काम सोपे झाले असे म्हणणार नाही. खेपा पुष्कळ झाल्या. पण नंबरावरून पीएफ कार्यालयाला आपल्याच दप्तरातले जुने खाते सापडले. पैसे तिथे होतेच. आधी फॉर्म १३, मग पेन्शनचा फॉर्म १०-डी. सात वर्षे नऊ महिन्यांना दोन वर्षे नऊ महिने मिळाले. दहा वर्षे सहा महिने झाले, आणि ते अकरा धरले गेले.

पेन्शन किती बसली? सूत्र असे आहे की सरासरी पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. मामांचा शेवटचा पगार चार हजारांच्या आसपास. चार हजार गुणिले अकरा, भागिले सत्तर, म्हणजे सहाशेच्या वर थोडे. पण १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन हजार रुपये केलेली आहे. म्हणून मामांना महिना हजार रुपये सुरू झाले.

हजार रुपयांत आज काय येते, असे कुणी म्हणेल. गॅसची टाकी येते. महिन्याच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या येतात. शिवाय मामांच्या पश्चात मामींना आधार राहतो. पण पहिला हप्ता जमा झाला त्या दिवशी मामा मला जे म्हणाले ते पैशाचे नव्हते. "भाऊ, मी खोटं बोलत नव्हतो, हे कागदावर आलं." इतकी वर्षे त्या माणसाने लेथवर उभे राहून काढली होती, आणि त्यातली पावणेतीन वर्षे कुणाच्याच हिशेबात नव्हती.

अशी मामांसारखी माणसे आपल्या भागात किती असतील, विचार करा. पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण. वर्कशॉप बंद झाली, दुसरीकडे गेली, नावे बदलली, मालक बदलले. कामगार मात्र तोच राहिला आणि त्याच्या नोंदी तुकड्या-तुकड्यांनी मागे पडत गेल्या. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाढीव पेन्शनबाबत निकाल दिला, तेव्हा पूर्ण पगारावर पीएफ भरलेल्या कामगारांचे जुने पगारपत्रक मोठमोठ्या कंपन्यांकडूनही मागवले गेले. ते देण्यासाठी मालकांना वेळोवेळी मुदत वाढवून मिळाली, शेवटची ३१ जानेवारी २०२५ पर्यंत. जुनी नोंद कधी लागेल याचा नेम नसतो, हे यावरून लक्षात यावे.

जुन्यावर किती विसंबावे?

जुन्या कॉम्प्युटरचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर वाचकाची दिशाभूल होईल.

पहिला दोष तारखांचा. त्या काळच्या प्रोग्रामांत साल दोन आकड्यांत लिहीत, आणि पुढचे १९ कॉम्प्युटर स्वतः लावी. आमच्या यादीत २००१ साली लागलेल्या दोन मुलांची रुजू तारीख १९०१ पडली आहे! म्हणजे बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत शिकत होते त्या सालापासून ही मुले आमच्याकडे नोकरीला. हसण्यावारी नेता येते, पण असा कागद कुठल्याही कार्यालयात दिला तर तो परत येईल. म्हणून जुनी नोंद काढली की ती जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावी, हजेरीशी ताडून पाहावी.

दुसरा दोष इंटरनेटचा. विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ नंतर सुरक्षेची मदत देणे बंद केले. विंडोज ९८ तर त्याच्याही आधीचे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरच्या ऑफिसांतल्या, दवाखान्यांतल्या फायलींना कुलूप लावून पैसे मागितले होते, ते आठवत असेल. जुना कॉम्प्युटर इंटरनेटला जोडू नये आणि कुणाचाही पेनड्राइव्ह त्यात घालू नये. त्याने एकट्याने आपले काम करावे, यातच त्याची सुरक्षितता आहे. बँक, पीएफ, आधारची कामे नव्यावरच करावीत.

तिसरा दोष वयाचा. आतली बटनासारखी तीन व्होल्टची बॅटरी संपली की तारीख-वेळ विसरतो. ती स्वस्त आहे, बदलता येते. पण हार्ड डिस्क फिरणारी वस्तू आहे. ती कधी थांबेल ते सांगता येत नाही, आणि ती थांबली की पंधरा वर्षांचा पगार एका क्षणात जातो. म्हणून मामांचे काम झाल्यावर मी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर शेठची परवानगी घेऊन पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून जुनी डिस्क नव्या कॉम्प्युटरला जोडायचा अडॅप्टर आणला. काहीशे रुपयांची वस्तू. सगळ्या फायली नव्यावर उतरवल्या. फॉक्सप्रोच्या फायली उघडायला फॉक्सप्रोच लागते असेही नाही. लिब्रेऑफिस नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो, त्यात त्या तक्त्यासारख्या उघडतात. एक प्रत ऑफिसात, एक शेठच्या घरी, आणि कामगारांच्या यादीचा छापील गठ्ठा कपाटात ठेवला आहे.

चौथा दोष आपल्या मराठीचा, आणि तो मंडळे, बचत गट, पतपेढ्या यांना जास्त भोवतो. पूर्वी मराठी टाइप करायला श्री-लिपी, आयएसएम अशी सॉफ्टवेअर वापरत. श्री-लिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. आयएसएम सीडॅकची, तीही १९८८ साली पुण्यातच सुरू झालेली संस्था. या मंडळींनी मराठी कॉम्प्युटरवर आणली, त्यांचे उपकार आहेत. पण त्या वेळच्या फॉन्टमध्ये प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी होती. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की "सभासद वर्गणी" ऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. लोकांना वाटते फाइल बिघडली, आणि ते ती काढून टाकतात. फाइल बिघडलेली नसते. तिला तिचा फॉन्ट हवा असतो. आता युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे, म्हणून मोबाइलवर लिहिलेले कुठेही वाचता येते. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्रामही आहेत. आमच्या वस्तीची २००५ सालची घरपट्टीच्या पावत्यांची यादी मी अशीच बदलून घेतली. एकेक नाव वाचून तपासले, कारण जोडाक्षरे बदलताना गडबड होते. उद्या कुणी विचारले की हे घर इथे कधीपासून आहे, तर दाखवायला कागद आहे.

भंगारवाला दारात आला तर

जुने ऑफिस बंद होते तेव्हा खुर्च्या-टेबलांबरोबर कॉम्प्युटरही वजनावर जातो. चिखलीजवळच्या कुदळवाडीत भंगाराची मोठी गोदामे होती, ती महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली. पण भंगाराचा धंदा एका जागेवरून उठला तरी दुसरीकडे बसतो. तारा जाळून तांबे काढणारी माणसे बहुतेक आपल्यासारख्याच गरीब घरांतली असतात. त्या धुरात विष असते. जुन्या फुगीर पडद्याच्या काचेत शिसे असते, ती फोडू नये. कॉम्प्युटरचा कचरा कुणी आणि कसा हाताळावा याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशात लागू आहेत. नोंदणी असलेल्याच कारखान्याकडे तो जायला हवा. घरातला किंवा मंडळाचा कॉम्प्युटर टाकायचाच असेल तर एवढी चौकशी जरूर करावी.

आणि टाकण्यापूर्वी त्याच्यात काय आहे ते पाहावे. कंपनीत कारकून, स्टोअरकीपर, अकाउंटंट म्हणून काम करणाऱ्या आपल्या मुला-मुलींना माझे सांगणे आहे की मालकाला विचारून, त्याच्या संमतीने, पगाराच्या आणि पीएफच्या जुन्या फायलींची प्रत आधी काढून ठेवा. मालकालाही ते हिताचेच आहे. चौकशी आली तर त्यालाही कागद लागतोच. स्वतःच्या घरी मात्र कंपनीचा डेटा नेऊ नये. त्यात दुसऱ्यांची नावे, पगार, बँकेचे नंबर असतात.

कामगारांना सांगणे असे की कॉम्प्युटरवर विसंबून राहू नका. पगाराची प्रत्येक स्लिप जपा. नेमणुकीचे पत्र, पीएफचा नंबर, ईएसआयचे कार्ड, नोकरी सोडल्याचा दाखला एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. मोबाइलमध्ये फोटो काढून मुलांकडेही देऊन ठेवा. बायकोला ती पिशवी कुठे आहे हे माहीत असू द्या. आणि कंपनीचे नाव किंवा मालक बदलला, तर दुसऱ्याच दिवशी विचारा, "माझा पीएफ नंबर बदलला का? जुनी सेवा जोडली का?" हा प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही.

घरातल्या मुलांसाठी

शेवटी घरातली गोष्ट. विंडोज १० ची मदत मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ जुन्या प्रोसेसरवर चालत नाही, म्हणून मोठ्या ऑफिसांतून चांगले चालते कॉम्प्युटर बाहेर पडत आहेत. ते कमी पैशांत मिळतात. मुलांना शिकायला नवा लॅपटॉप घ्यायची ऐपत नसेल तर अशा कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून घ्यावे. सीडॅकने तयार केलेले बॉस नावाचे लिनक्स भारतीय भाषांसाठीच आहे, आणि ते फुकट आहे. त्याला कंपनीकडून सुधारणा मिळत राहतात, म्हणून इंटरनेटही वापरता येते. लिब्रेऑफिसमध्ये मराठीत अर्ज लिहिता येतो, हिशेब मांडता येतो.

माझी मुलगी टायपिंगची ३०ची परीक्षा देणार आहे. ती घरातल्या जुन्या एक्सपीवर सराव करते, त्याच्या जाड कीबोर्डवर बोटे पक्की बसतात म्हणते. त्यात इंटरनेट नाही, म्हणून मध्येच दुसरे काही पाहायचा मोहही नाही. मागच्या महिन्यात तिने आमच्या गल्लीतल्या बचत गटाचा दहा वर्षांचा हिशेब त्याच्यावर उतरवला आणि छापून प्रत्येक बाईच्या हातात तिचा तिचा कागद दिला. त्यातल्या एका आजींना वाचता येत नाही. त्यांनी तो कागद दुमडून पिशवीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी नातवाकडून वाचून घेतला. दोनशे वीस रुपयांचा फरक निघाला. आजींचेच बरोबर होते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, यंत्र नवे असो की जुने, त्याने आपले काम करावे आणि आपली नोंद आपल्याला वाचता यावी, एवढे पुरे. या रविवारी जरा वेळ काढा. घरातली ती प्लॅस्टिकची पिशवी उघडा. पीएफचा नंबर आहे का, तारखा जुळतात का, ते मुलांना मोठ्याने वाचायला सांगा. काही कमी असेल तर वर्कशॉप सुरू आहे, कारकून जागेवर आहे आणि कोपऱ्यातला कॉम्प्युटर अजून चालतो आहे तोवरच ते मागून घ्या.